वाचकांचे प्रश्न : वर्ग शांत करायचाय, श्वासाने जमेल का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पटावर ४६ मुलं, वर पत्र्याचं छत. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन, मैदानावर हुंदडून मुलं आत आली की नुसता कल्ला असतो, कोणाचं भांडण अर्धवट राहिलेलं, कोणाची चप्पल सापडत नाही, एखादं रडतच आलेलं. आणि त्यानंतर लगेच माझा गणिताचा तास. प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना दीर्घ श्वास घ्यायला लावा, म्हणून मी लावते, पण मुलं खांदे उडवत नाकाने फुसफुस आवाज काढतात, एक हसला की सगळे हसतात आणि आधीपेक्षा जास्त गोंधळ होतो. नेमकं काय करू?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : बाई, तुमची कळकळ पोचली. आणि हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही, बहुतेक वर्गांत असंच होतं, कारण मुलांना जे सांगितलं जातं ते अर्धंच असतं. दहा वर्षांच्या पोराला दीर्घ श्वास घे म्हटलं की ते काय करतं बघा. छाती फुगवतं, खांदे कानापर्यंत नेतं, ओढता येईल तेवढी हवा ओढतं आणि मग फस्सकन सोडून देतं. शांत व्हायला उपयोगी पडतो तो नेमका हा शेवटचा, सोडण्याचा भाग, आणि तोच अर्ध्या सेकंदात उरकला जातो.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, हे सगळ्यांच्या शरीरात दिवसभर आपोआप चालू असतं. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस असते, श्वास सोडताना तिचा जोर वाढतो आणि ठोके हळू होतात. म्हणजे सोडणं जेवढं लांबेल तेवढा शरीराला सावकाश व्हायला वेळ मिळतो. तुम्ही स्वतः मनगटावर नाडी धरून हळूहळू श्वास सोडून बघा, पुष्कळांना फरक बोटाखाली जाणवतो. म्हणून मुलांना 'घ्या' सांगायचंच नाही, 'सोडा' सांगायचं. घेणं त्यांचं आपोआप होतं.

आता पद्धत. जुन्या वहीच्या पानाची दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब अशी पट्टी फाडायची, एकेक मुलाला एकेक. पट्टीचं वरचं टोक ओठांच्या जरा खाली धरायचं, बाकीची समोर लोंबत राहील, आणि तिच्यावर अशी फुंकर घालायची की पट्टी पुढे उचलली जाईल आणि उचललेलीच राहील. जोरात फुंकलं तर ती फडफडते आणि हवा लगेच संपते, फार हळू फुंकलं तर खाली पडते. मधली फुंकर सापडायला मुलांना थोडा वेळ लागतो, पण एकदा सापडली की चेहरेच बदलतात, ओठ चंबूसारखे होतात, भुवया सैल पडतात आणि पोट आत जाताना दिसतं. फक्त 'कोणाची जास्त वेळ टिकते' अशी स्पर्धा मात्र लावू नका, लावलीत तर पोरं तोंड लाल होईपर्यंत फुंकतील आणि मग धापा टाकतील. 'पट्टी थरथरू द्यायची नाही' एवढंच सांगा. काही दिवसांनी पट्टी काढून घ्या, फुंकर तशीच ठेवा, नंतर तोंडाऐवजी नाकाने.

मोजणी तोंडाने करू नका, हाताने करा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तुमचा आवाज तसाही पोचणार नाही, आणि गोंगाटाच्या वर आवाज चढवून 'शांत व्हा' म्हणणं मुलांच्या कानाला भांडणासारखंच लागतं. हात वर करायचा, तीन बोटं एकेक करून उघडायची तेव्हा श्वास आत, मग पूर्ण पंजा उघडून पाच बोटं सावकाश एकेक मिटायची तेव्हा बाहेर. ३ आत, ५ बाहेर. यूट्यूबवर ४-७-८ चे व्हिडिओ फिरतात, म्हणजे ४ मोजून घ्या, ७ धरा, ८ मोजून सोडा, ते मोठ्यांसाठी आहेत. दहा-अकरा वर्षांचं मूल नुसतं बसलेलं असताना मिनिटाला साधारण १८ ते २५ श्वास घेतं, त्याला एकदम मिनिटाला तीनवर आणायचं म्हणजे गुदमरवणंच झालं. ३ आणि ५ ने ते सात-आठवर येतं, तेवढं त्यांच्यासाठी भरपूर हळू आहे.

आणि किती वेळ? पाच-सहा श्वास, म्हणजे एक मिनिटही नाही. हे मी मनाने सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला, सरासरी सात वर्षांच्या ३४२ मुलांचा, आणि तो प्रयोगशाळेत नाही तर मुलांचं संग्रहालय, बाग, उन्हाळी शिबिर अशा गजबजलेल्या ठिकाणी केलेला. मुलांना एक मिनिटाचा कार्टूनसारखा व्हिडिओ दाखवून फक्त चार सावकाश श्वास घ्यायला लावले, तेवढ्यातच हृदयाचे ठोके मंदावलेले मोजमापात दिसले, नुसता साधा व्हिडिओ बघणाऱ्या मुलांमध्ये तसं झालं नाही. तेव्हा दहा-पंधरा मिनिटं ताटकळत बसवायची काहीच गरज नाही.

आता वेळ कोणती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मैदानावरून धावत आलेल्या मुलाला त्या क्षणी जोरात श्वास लागणारच, त्याच्या स्नायूंना ऑक्सिजन हवाय, तिथे लगेच हळू श्वास घे म्हणणं शरीराच्या विरुद्ध आहे. आधी पाणी पिऊ दे, चप्पल सापडू दे, रडणाऱ्याला पाठीवर हात फिरवून पुढच्या बाकावर बसवा, दोन-तीन मिनिटं जाऊ देत, मग हात वर करा. आणि हा प्रकार शिकवायचा कधी, तर गोंधळाच्या वेळी नाहीच. सकाळी परिपाठानंतर, किंवा मराठीच्या तासाला गोष्ट संपल्यावर, मुलं आपसूक निवांत असतात तेव्हा. दोन आठवडे फक्त निवांत वेळी करून घ्या, अंगवळणी पडू दे, मग मधल्या सुट्टीनंतर वापरा. पोहायला काठावर शिकवतात, पुरात नाही.

हसतील त्यांना हसू द्या, हसताना पण श्वास बाहेरच जातो. फक्त रागावू नका, आणि 'दंगा केलात ना, आता पाच मिनिटं श्वास घेत बसा' असं तर कधीच म्हणू नका. एकदा का श्वास शिक्षेच्या खात्यात गेला की तो परत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय, तुमच्याकडे ४६ आहेत, वर एप्रिलचा तापलेला पत्रा. हे श्वासाने सुटणारं नाही, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत बोलायलाच हवं, आणि मुलं अस्वस्थ आहेत म्हणून बाई कमी पडतात असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत योगाच्या तासाला कपालभाती करून घेतात, गेल्या आठवड्यात तिला चक्कर आली आणि ओठांना मुंग्या आल्या म्हणाली. सर म्हणाले सवय नाही म्हणून होतं, करत राहा. करू द्यावं का?
– एक पालक, पुणे

उत्तर : नाही, थांबवा. कपालभातीत पोटाला झटके देत भराभर श्वास बाहेर फेकतात, हठयोगात तिची गणना षट्कर्मांत म्हणजे शुद्धिक्रियांत होते, ती शांत करणारी क्रिया नाही, उलट अंगात तरतरी आणणारी आहे. लहान मूल ती शिस्तीत करू शकत नाही, ते नुसतं जोरजोरात श्वास घेत-सोडत राहतं, आणि असं भराभर केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, मग चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ओठांना आणि बोटांना मुंग्या. तुमच्या मुलीला झालं ते बहुतेक हेच. अशा वेळी मुलाला खाली बसवायचं आणि नेहमीसारखा हलका श्वास घेऊ द्यायचा, काही मिनिटांत ओसरतं. तोंडाला पिशवी वगैरे लावायची नाही, ते धोक्याचं आहे. शुद्ध हरपली किंवा कपालभाती न करताही चक्कर येत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, तेही या वयात नको. सरांशी भांडू नका, त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून तेवढा वेळ मुलीला भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणणं, किंवा साधी ताडासनासारखी आसनं करू द्या म्हणून सांगा, कोणीही समंजस शिक्षक ऐकेल.

प्रश्न : भ्रामरी करताना आमच्या शाळेत ओम म्हणायला लावतात. आम्ही दुसऱ्या धर्माचे आहोत, मुलाला घरी सांगायला संकोच वाटत होता. न म्हणता चालेल का?
– एक आई, मालेगाव

उत्तर : अगदी चालेल ताई. भ्रामरीत जो फायदा होतो तो ओठ मिटून लांब गुणगुणण्याचा, 'म्म्म्म' एवढ्या आवाजानेही श्वास तेवढाच लांबतो आणि तेवढाच हळू सुटतो. वर्गशिक्षकांना सरळ सांगा, आणि शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे की शांत व्हायला बसलेल्या वर्गात एकही मूल अवघडलेलं नको, नुसती भुंग्याची गुणगुण ठेवा, सगळ्यांना येते आणि मुलांना आवडतेही.

प्रश्न : मी दहावीला गणित शिकवतो. पूर्वपरीक्षेत हुशार मुलंसुद्धा पेपर हातात पडल्यावर ब्लँक होतात, एक मुलगी तर हात थरथरायला लागले म्हणून पेपर सोडून बाहेर आली. बोर्डाला आता फार दिवस नाहीत. श्वासाचा काही उपयोग होईल?
– एक शिक्षक, लातूर

उत्तर : होईल, पण त्या दिवशी पहिल्यांदा करून होणार नाही सर. आत्तापासून प्रत्येक सराव पेपरला करून घ्या, म्हणजे मुलांच्या शरीराला ओळख राहील.

मोठ्या मुलांना एक सोपा प्रकार शिकवा. नाकाने एक श्वास घ्यायचा, तो भरत आला की वरून अजून एक छोटासा श्वास नाकानेच, आणि मग तोंडाने सावकाश सगळा सोडायचा. खूप रडून झाल्यावर लहान मूल आपोआप असाच हुंदका देतं आणि उसासा टाकतं, तेच आपण मुद्दाम करायचं. स्टॅनफर्डच्याच २०२३ च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे श्वास करून बघितले, त्यात या लांब उसाशाने मन प्रसन्न राहण्यात सगळ्यात जास्त फरक पडला. तो अभ्यास मोठ्यांवरचा होता हे लक्षात असू द्या, पण पंधरा-सोळाच्या मुलांना हे तीन-चार वेळा करायला काहीच हरकत नाही, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून परीक्षा हॉलमध्ये सोयीचं पडतं.

पूर्वी बोर्डाचा पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, वाचता वाचता जीव जरा थाऱ्यावर यायचा. २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी जोडून मिळतात, म्हणजे पेपर मिळाला की लगेच लिहायला सुरुवात आणि तिथेच मुलं गडबडतात. त्यांना ठामपणे सांगा की शेवटी दहा मिनिटं जास्तीची आहेत, त्यातलं अर्धं मिनिट सुरुवातीला खर्च करायचं. पेन खाली, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, तीन उसासे, मग पेपर उलगडायचा, आणि पहिला प्रश्न येणाराच सोडवायचा. मुलं लिहिताना नकळत श्वास रोखून धरतात, विशेषतः गणितात, हे तुम्ही सुपरव्हिजन करताना बघितलंच असेल, म्हणून प्रत्येक प्रश्न संपला की पेन ठेवून एक लांब श्वास सोडायची सवय लावा.

त्या मुलीशी मात्र वेगळं बोला, वर्गासमोर नाही. झोप होते का, जेवते का, घरी मार्कांवरून काय चाललंय हे विचारा. हात थरथरणं एकदाच झालं असेल तर ठीक, पण ती शाळेत यायला टाळत असेल, रडत असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली असेल तर श्वासाच्या भरवशावर राहू नका, त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घ्या आणि समुपदेशकांकडे पाठवा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, कोणाला लागेल सांगता येत नाही.

प्रश्न : २०२४ मध्ये आनंददायी शनिवारचा उपक्रम आला तेव्हापासून आमच्या शाळेत श्वसनाचे प्रकार घेतो. आता विचार आहे की रोज परिपाठात सगळ्या शाळेला माइकवरून पंधरा मिनिटं ध्यान आणि प्राणायाम सक्तीचा करावा. शिस्त सुधारेल असं वाटतं. आपलं मत?
– एक मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, इच्छा चांगली आहे पण सक्ती आणि पंधरा मिनिटं, दोन्ही नको असं माझं मत आहे.

ब्रिटनमध्ये मायरियाड नावाचा मोठा प्रयोग झाला, ११ ते १४ वयाच्या ८ हजारांहून जास्त मुलांपैकी साधारण निम्म्यांना शाळेत सजगतेचे म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले, श्वासाकडे लक्ष देणं हा त्यातला मोठा भाग. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तर नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात काही जास्त सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, पुष्कळांना कंटाळा आला, आणि आधीच मानसिक त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत जपून राहा असं संशोधकांनी सांगितलं. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. मला हे वाचून श्वासावरचा विश्वास उडाला नाही, पण सगळ्यांना एकाच साच्यातून, वरून लादून काही होत नाही हे पटलं. त्या क्षणी धडधड कमी करणं आणि मुलांचं मानसिक आरोग्य सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीला चार श्वास पुरतात, दुसरीला घर, शाळा, मित्र, झोप, मैदान सगळंच लागतं.

दिल्ली सरकारने २०१८ मध्ये हॅपिनेस अभ्यासक्रम सुरू केला त्यातही तास सुरू व्हायचा थोड्या मिनिटांच्या ध्यानाने आणि मग गोष्टी, गप्पा, खेळ असायचे, नुसतं डोळे मिटून बसणं नव्हतं. तुम्हीही परिपाठात दोन मिनिटं ठेवा, माइक नको, प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या वर्गात आपल्या आवाजात घ्यावं, आणि ज्याला करायचं नाही त्याने फक्त शांत बसावं एवढी सूट असू द्या. माइकवरून 'चौथी ब, हालचाल नको' असं ओरडून कोणी शांत होत नाही.

प्रश्न : सातवीतला एक मुलगा श्वासाच्या वेळी डोळे मिटतच नाही. आग्रह केला तर बाक आपटून बाहेर जातो. घरी वडील दारू पितात असं ऐकून आहे. बाकीची मुलं त्याच्याकडे बघून करायचं थांबवतात.
– एक शिक्षिका, अहिल्यानगर

उत्तर : त्याला डोळे मिटायला लावू नका. ज्या घरात कधी काय होईल याचा नेम नाही तिथलं मूल डोळे उघडे ठेवूनच सुरक्षित राहायला शिकलेलं असतं, ३० मुलांच्या मध्ये डोळे मिटणं त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. तुम्ही पूर्ण वर्गालाच सांगा की डोळे मिटायचे नाहीत, बाकावरच्या एका ठिपक्याकडे बघायचं. त्याचं वेगळेपण तिथल्या तिथे संपतं आणि बाकीच्यांचंही काही बिघडत नाही.

अशा मुलाला आतल्या शांततेत एकटं सोडलं की कधी कधी नको ते आठवतं, म्हणून त्याला हाताला काम द्या. खडूचे डबे लावणं, पाण्याची बादली आणणं, फळा पुसणं. जड काहीतरी उचलून, ढकलून आलं की अशी मुलं बहुतेक वेळा निवळतात. जवळीक झाली की मग विचारा घरचं, हळूच, आणि मारहाण होतेय असं कळलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवायचं, त्यात कोणाच्या घरात ढवळाढवळ होते असं समजू नका, ते आपलं कामच आहे.

प्रश्न : खरं सांगू का, मुलांपेक्षा मलाच जास्त राग येतो. चौथ्या तासापर्यंत आवाज बसलेला असतो, हात उगारला जाईल अशी भीती वाटते.
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : हे लिहिलंत याचं मला फार कौतुक वाटतं. वर्ग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून श्वास घेतो, तुमचे खांदे वर चढलेले असतील तर कितीही मोजलं तरी मुलं सैल होणार नाहीत. म्हणून दारातून आत जाण्याआधी तिथेच थांबा, हजेरीचं पुस्तक दोन्ही हातांत धरून दोन लांब श्वास सोडा, मग पाऊल आत. राग उसळलाच तर फळ्याकडे तोंड करून तारीख लिहा, सावकाश, लिहिताना श्वास सोडत. आणि मुलांना सांगूनही टाका की 'बाईंना आत्ता राग आलाय, बाई आधी दोन श्वास सोडणार आहेत', मोठी माणसं रागाचं काय करतात हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं. ऑफ तास मिळाला तर वह्या बाजूला ठेवा, पाणी प्या. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण कायद्याच्या धाकापेक्षा एखादी विश्वासातली सहकारी शोधा जिला म्हणता येईल की पाच मिनिटं माझा वर्ग बघ, मी येते.

प्रश्न : मुलाला दमा आहे. श्वासाचे व्यायाम करू द्यावेत का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : हलकी फुंकर आणि गुणगुणणं सहसा चालतं, जोराचे आणि रोखून धरायचे प्रकार नकोत, आणि सुरू करायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. धाप लागलेली असताना 'हळू श्वास घे' म्हणत बसायचं नाही, आधी डॉक्टरांनी दिलेला पंप द्यायचा आणि त्याने आराम पडला नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. पंप कुठे ठेवलाय आणि किती वेळा द्यायचा हे वर्गशिक्षकांना चिठ्ठीवर लिहून द्या, कुलूपबंद कपाटात ठेवू देऊ नका, आणि मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मित्रालाही तो कुठे असतो ते सांगून ठेवा.